कारणाचा रकाना

१२ मार्च

आत्या,

कायम व्हायला महिना उरलेला असताना माणूस चांगली नोकरी का सोडतो? हा प्रश्न साहेबांनी मला सोमवारी विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही, म्हणून तुला विचारते. फोन तू उचलत नाहीस. दादा उचलतो आणि म्हणतो, आईला फोन आवडत नाही. तेव्हा पत्र.

प्रश्न तुझ्याच खात्याचा आहे. वाजवणीत बायका टिकत नाहीत. तू निवृत्त झाल्यानंतरच्या तीन वर्षांची रजिस्टरं मी काढून बसले. सव्वीस जणी लागल्या आणि सव्वीस जणी गेल्या. बाकीच्या खात्यांतली माणसं जातात ती पहिल्या पंधरा दिवसांत, भट्टीची धग सोसत नाही म्हणून किंवा मुकादमाशी वाजलं म्हणून. वाजवणीतल्या जातात दहाव्या नाहीतर अकराव्या महिन्यात. बारावा भरला की कंपनीचे डॉक्टर कान तपासतात, सही होते आणि माणूस कायम होतं. एवढं दाराशी येऊन मागे का फिरायचं? कारणाच्या रकान्यात सगळ्यांचं एकच आहे, "घरची अडचण". माझ्या आधीच्या क्लार्कने तर शेवटी शेवटी नुसतं "वरीलप्रमाणे" लिहिलंय.

कॉलेजातल्या मैत्रिणींना वाजवणीचं काम सांगते तेव्हा त्यांना खरं वाटत नाही. भट्टीतून निघालेला चिनी मातीचा एकेक कप हातात घ्यायचा, लाकडी काडीने वाजवायचा आणि डोळ्यांना न दिसणारा तडा आवाजावरून ओळखायचा. त्या म्हणतात, हे काय काम आहे? मी म्हणते, याच कामावर माझी पदवी झाली. माझी आत्या एकोणीस वर्षं हे करत होती.

सध्या खोलीत रंगखात्यातून उसन्या आणलेल्या बायका बसतात. त्या चांगले कप तड्याचे समजून फोडतात आणि तड्याचे पुढे पाठवतात. साहेब म्हणाले, "मॅडम, या वेळी बारा जणी घ्या आणि वर्षभर टिकवून दाखवा. नाही जमलं तर वाजवणी ठेकेदाराला देऊन टाकू. दर महिन्याला नव्या बायका, कायम करायची भानगडच नको." म्हणजे बारा घरांची पक्की नोकरी माझ्या हातात आहे, आत्या. सात महिन्यांपूर्वी कामगार-भरतीच्या टेबलावर माझ्या नावाची पाटी लागली तेव्हा बाबा डबा विसरल्याचं निमित्त करून ती बघायला आले होते. डबा माझ्या पिशवीतच होता. त्या पाटीला काही अर्थ असेल तर तो इथे दिसायला हवा.

तू एकोणीस वर्षं टिकलीस. कशी टिकलीस ते सांग.

तुझी
मोठी

.

२१ मार्च

साहेबीणबाई,

पत्र पोचलं. सुनेने विचारलं कुणाचं, तर म्हटलं ऑफिसातून आलंय, माझा सल्ला मागितलाय. तेव्हापासून चहा बसल्या जागी मिळतो. आणखी चारपाच पत्रं लिही, म्हणजे अंघोळीचं पाणीही मिळेल.

बायका का जातात ते उकरत बसू नकोस. घरची अडचण लिहिलंय ना, मग तेच असेल. सव्वीस जणी कशाला खोटं बोलतील? बाईला घर आहे तिथे अडचण आहे, त्यात शोध कसला लावायचाय?

निवडायचं कसं ते मात्र सांगते, ते मला येतं. आमच्या वेळी मुकादम तोंड बघून घ्यायचा, नाहीतर चिठ्ठी बघून. तू तसं करू नकोस. एक पडदा लाव. पडद्यामागे तू बस आणि वीस कप वाजव. त्यात तीन तड्याचे घाल, पण केसाएवढ्या तड्याचे, ढोबळ नकोत. चांगला कप वाजवला की आवाज लांबवर जातो. तड्याचा जरा लवकर बसतो, कुणी बोलता बोलता गप्प व्हावं तसा. पलीकडच्या बाईला नाव विचारू नकोस, नुसता आकडा दे. जिला तिन्ही ओळखता आले ती घे, मग ती कुणाची कोण का असेना. शिकलेली आहे का, नीटनेटकी आहे का, सगळं नंतर. कान आधी.

मातीची चक्की अजून त्या लाकडी भिंतीपलीकडेच आहे का? सहज विचारते.

माझ्या टिकण्याचं काय विचारतेस. बसायची सवय झाली होती, बसले.

आत्या

.

९ एप्रिल

आत्या,

तुझा पडदा लावला. माझी चादरच होती, धोब्याकडून आलेली. त्रेचाळीस जणी आल्या होत्या. मी मागे बसून दोन दिवस कप वाजवत होते, बोटं दुखून आली. मुकादमाने तीन नावं कानात सांगितली होती, त्यांतली एकही निवडली गेली नाही. तो माझ्याशी बोलत नाहीये, त्यामुळे कामं भराभर होतायत.

बारा मिळाल्या. आणि ऐक, सात नंबरला वीसपैकी वीस बरोबर आले. तिन्ही तडे तर ओळखलेच, वर म्हणाली, "पंधरावा ठीक आहे, पण त्याचा कान नीट चिकटलेला नाही." मी बघितलं तर खरंच कानाशी बारीक फट होती. दोन दिवसांत ते कुणालाच कळलं नव्हतं, मलाही नाही. आवाज ओळखीचा वाटत होता, पण मी मन घट्ट करून लिहीत राहिले. शेवटी पडदा काढला तर समोर आपली धाकटी. मला न सांगता अर्ज केला होता. म्हणाली, "सांगितलं असतं तर तू तत्त्वासाठी मला पहिल्या फटक्यात बाद केलं असतंस." खरं आहे. पण आता कोण काय म्हणेल? पडदा होता.

टिकवण्याचीही सोय केली आहे. साहेब म्हणाले, निवडल्यात छान, पण दहाव्या महिन्यात पळाल्या तर? मी सुचवलं, सगळ्यांची मूळ प्रमाणपत्रं दोन वर्षं आपल्याकडे ठेवू. दुसरीकडे अर्ज करायला ती लागतातच. मला माहीत आहे, हे ऐकायला बरं नाही. पण विचार कर. दहाव्या महिन्यात घरी काही कुरबुर झाली, बाईने रागाच्या भरात नोकरी सोडली आणि ती जन्माची चुकली, तर? कागद इथे असला तर चार दिवस थांबेल, राग ओसरेल, महिना भरेल आणि ती कायम होईल. पुढे माझे आभारच मानेल. कपाटात पहिलं प्रमाणपत्र मी माझं ठेवलं, पदवीचं. मग कुणी कुरकुरलं नाही. बाबांना सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

चक्की तिथेच आहे. आता दोन आहेत. माती दळणाऱ्यांना कानात घालायला बुचं दिली आहेत. वाजवणीतल्यांना नाहीत, त्यांना कशी देणार? त्यांचं कामच ऐकायचं.

तुझी
मोठी

.

१५ एप्रिल

मोठे,

धाकटीला तिथे बसवू नकोस. रंगावर पाठव, भट्टीवर पाठव, झाडायला लाव. वाजवणीत नको.

आणि बायकांचे कागद बायकांना देऊन टाक. तुझं प्रमाणपत्र कुणी कपाटात कोंडून ठेवलं असतं तर तू त्याला काय म्हटलं असतंस?

का ते विचारू नकोस. मी सांगतेय तेवढं कर.

आत्या

.

२३ एप्रिल

आत्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. वाईट वाटलं, ते लपवत नाही.

तुला वाटतं, लोक म्हणतील साहेबीणबाईंनी घरचीच माणसं भरली. ते मला कळतं. तू आयुष्यभर कुणाला स्वतःकडे बोट दाखवू दिलं नाहीस. पण मग पडदा तूच सांगितलास ना? जिचे कान चांगले ती घे, मग ती कुणाची कोण का असेना, हे तुझेच शब्द. धाकटी पहिली आली. ती माझी बहीण आहे म्हणून तिला काढायचं, हाही अन्यायच झाला. शिवाय ती बारावीनंतर दोन वर्षं घरी बसली होती, कारण माझं शिक्षण चालू होतं. कुणी तिला तसं म्हटलं नाही, पण झालं तसंच. आता तिला तिच्या स्वतःच्या गुणावर काही मिळालंय आणि ते मी काढून घेऊ?

कागदांचं म्हणशील तर तो नियम सगळ्यांना सारखा आहे. माझाही कागद तिथेच आहे.

तुझं ऐकलं नाही असं पहिल्यांदाच होतंय. रागावू नकोस.

तुझी
मोठी

.

५ नोव्हेंबर

आत्या,

सहा महिने झाले, तुझं उत्तर नाही. दोन पत्रं मधे पाठवली, तीही तशीच गेली. दादा म्हणतो, तब्येत बरी आहे, दिवसभर खिडकीशी बसते. म्हणजे माझ्यावरच राग आहे.

तरी सांगते, कारण सांगायला दुसरं कुणी नाही. सातवा महिना चालू आहे आणि बाराच्या बारा जणी जागेवर आहेत. साहेबांनी सगळ्या खात्यांच्या बैठकीत माझं नाव घेतलं. म्हणाले, "माणसं टिकवायची कशी ते या मॅडमकडून शिका." मुकादम खाली बघत होता. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

गेल्या आठवड्यात दोघी प्रमाणपत्र मागायला आल्या होत्या. कारण विचारलं तर तेच, घरची अडचण. मी बसवलं, चहा दिला, नीट समजावलं. पाच महिने कळ काढा, म्हटलं, कायम व्हाल. एक रडली. मला वाटलं, नवऱ्याचा जाच असेल. तिला मी म्हटलं, असं काही असेल तर मी तुमच्या घरी येऊन बोलते. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग म्हणाली, "राहू द्या, मॅडम." कागद मी दिले नाहीत. दिले असते तर उद्या बाकीच्या दहा जणी उभ्या राहिल्या असत्या.

धाकटी मजेत आहे. जरा चिडकी झाली आहे, कामाचा थकवा.

लिही ना.

मोठी

.

१८ नोव्हेंबर

मोठे,

राग नाही. लिहायला बसते आणि जमत नाही.

मला एवढंच सांग. धाकटी भांडं खाली ठेवताना आपटते का? नळ चालू ठेवून निघून जाते का? मागून हाक मारली तर पहिल्या हाकेला वळते की तिसऱ्या? आणि पक्ष्यांचं काही बोलते का, की यंदा पक्षी येत नाहीत वगैरे?

उत्तर लगेच पाठव.

आत्या

.

१० फेब्रुवारी

आत्या,

तुझे नोव्हेंबरातले प्रश्न मला म्हातारपणाचे वाटले. धाकटीच्या स्वभावाची चौकशी करतेस, असं समजून मी उत्तरच दिलं नाही. आता देते. आपटते. नळ चालू ठेवते, आई त्यावरून रोज बोलते. तिसऱ्या हाकेलाही वळत नाही, खांद्याला हात लावावा लागतो. पक्ष्यांचं मला ठाऊक नाही.

काल काय झालं ते सांगते. दहावा महिना लागलाय. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलासमोर रांग लागली, नऊ जणींची. मी पहिल्या सहा जणींना परत पाठवलं, त्याच शब्दांत, दोनच महिने राहिलेत, कळ काढा. सातवी धाकटी होती.

"काय हवंय?" मी म्हटलं.

"माझं बारावीचं प्रमाणपत्र. नोकरी सोडायचीय."

"कारण?"

"घरची अडचण."

मी पेन खाली ठेवलं. "कुठल्या घरची?"

"आपल्याच."

"मी त्याच घरात राहते. सकाळी माझा कंगवा घेऊन तू पुढे आलीस. कसली अडचण आहे आपल्या घरात, जी मला माहीत नाही?"

"लिही ना, ताई. बाकीच्यांना कुठे एवढं विचारतेस?"

मागे कुणीतरी हसलं. तिच्यामागची म्हणाली, "मॅडम, उरका जरा, सुट्टी संपतेय. माझीपण हिच्याच घरची लिहा."

आत्या, मी तिला कागद दिला नाही. सगळ्यांसमोर म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. ती माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हती, ओठांकडे बघत होती. मी बोलायची थांबले तेव्हा तिने मान डोलावली आणि गेली. संध्याकाळी घरी आली, जेवली, भिंतीकडे तोंड करून झोपली. आज कामावर गेली.

सव्वीस आणि या नऊ, पस्तीस बायकांच्या घरी एकच अडचण असू शकत नाही, हे मला काल कळलं. माझ्याच घरची अडचण निघाली तेव्हा कळलं. एवढी पुस्तकं वाचून मला एवढंही आधी कळू नये.

तुला उत्तर पहिल्या पत्रापासून ठाऊक होतं ना? मला ते आता हवंय. तुझ्या पाया पडते, आत्या, यात आता जराही लपवू नकोस.

मोठी

.

१७ फेब्रुवारी

मोठे,

मला ऐकू येत नाही.

हे वाक्य मी आजवर कुठे लिहिलं नाही, कुणाला बोलले नाही. मुलाला वाटतं वयामुळे कमी ऐकू येतं. तसं नाही. डावा कान पूर्ण गेलाय. उजव्यात दिवसभर शिट्टी वाजते, बंद होत नाही. म्हणून फोन नको. तुझा आवाज गेली सहा वर्षं मी ऐकलेला नाही. तुझ्या पदवीच्या दिवशी तू स्टेजवर काय बोललीस ते मी तुझ्या आईला घरी येऊन विचारलं होतं, तिला वाटलं मला पुन्हा ऐकायचंय.

चक्की आधी मागच्या बाजूला होती. नवी भट्टी आली तेव्हा जागा कमी पडली आणि तिला आमच्या भिंतीला आणून टेकवलं. आत दगडाचे गोळे गरागरा फिरत असतात, आठही तास. त्यात कपाचा आवाज कुठला कळायला? मग आम्ही काडी जोरात मारायला लागलो आणि कप कानाशी धरायला लागलो. बुचं घालावीत तर कप ऐकू येत नाही, न घालावीत तर चक्की कान खाते. आधी बारीक आवाज जातात. घड्याळाची टिकटिक, पक्षी. सहासात महिन्यांत बाईला स्वतःचं स्वतःला कळतं. दहाव्यापर्यंत पक्कं कळतं. बाराव्यात डॉक्टर कान तपासणार आणि फायलीत लिहिणार. एकदा लिहिलं की दुसरीकडे कोण घेणार? लग्नाची असेल तर कोण करून घेणार? म्हणून त्या आधीच जातात, उरलेलं ऐकू येणं घेऊन. तू म्हणतेस दाराशी येऊन मागे फिरतात. अगं, ते दारच डॉक्टरचं आहे.

मी का राहिले? मी आधीच कायम होते, मला कुणी तपासणार नव्हतं. कान गेला तेव्हा तुझं कॉलेजचं दुसरं वर्ष होतं. अजून दोन वर्षं लागणार होती. तुला सांगितलं असतं तर तू पुस्तकं बांधून घरी आली असतीस, मी तुला ओळखते. म्हणून दोन वर्षं मी बहिरी होऊन वाजवणीत बसले. काडी मारायची, मान तिरकी करायची, ऐकल्यासारखं करायचं. समोर माझी जोडीदारीण बसायची. ती स्वतःची कपांची पाटी संपवून माझी पाटी गुपचूप पुन्हा वाजवायची. तिची सुट्टी असेल त्या दिवशी मी अंदाजाने कप काढायचे. किती तड्याचे कप लोकांच्या घरी गेले असतील, गरम चहासकट कुणाच्या हातात फुटले असतील, देव जाणे. निरोपाच्या दिवशी साहेबांनी मला चौकट दिली, "एकोणीस वर्षे अचूक कान". सुनेने ती बाहेरच्या खोलीत लावली आहे. येणारा-जाणारा वाचतो आणि मला काहीतरी म्हणतो. मी हसते.

तू विचारलंस तेव्हा सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे हे सगळंच सांगायला लागलं असतं, चौकटीसकट. मला वाटलं, पोरगी खुर्चीवर बसली आहे, शिकलेली आहे, आपोआप काहीतरी बरं करेल. आणि वर मी शहाणपणा केला. पडदा लाव म्हटलं, चांगले कान निवड म्हटलं. तू चांगलेच निवडलेस. सगळ्या गावातले बारा चांगले कान वेचून मी तुझ्या हातून त्या भिंतीशी बसवले, आणि त्यात आपल्या घरचा एक.

धाकटीला आजच्या आज तिथून काढ. पत्र पोचेल त्या दिवशी. बाकीच्यांचंही बघ.

हे वाचून झालं की फाडून टाक. मुलासुनेच्या घरात मला अजून राहायचंय.

आत्या

.

९ मार्च

आत्या,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी धाकटीला कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी फाटकातून परत फिरवलं आणि सरळ मोठ्या दवाखान्यात नेलं. काचेच्या खोलीत बसवून, कानांवर यंत्र लावून तपासतात. आवाज आला की बटण दाबायचं. बाहेरून मला यंत्रावरचा दिवा दिसत होता. दिवा लागायचा आणि तिचा अंगठा हलायचा नाही. मी तिथे उभी राहून मनात म्हणत होते, दाब गं, दाब. वीसपैकी वीस सांगणारी पोरगी. तपासणाऱ्या बाईंनी फॉर्म भरता भरता सांगितलं, डावा जास्त, उजवा कमी, गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळा.

बाहेर बाकावर मी तिला म्हटलं, "मला सांगायचंस तरी."

"तुला कशाला? त्या दोघींनी नोव्हेंबरात मागून बघितले ना कागद. तू चहा पाजलास. मग बाकीच्यांनी दहाव्या महिन्यापर्यंत मागितलेच नाहीत." नंतर म्हणाली, "तू वाईट नाहीस, ताई. पण तुझ्याशी बोलता येत नाही. तुझं आधीच ठरलेलं असतं." हे तिने जरा मोठ्याने म्हटलं, आजूबाजूची माणसं बघायला लागली. तिला ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेले. फाटकाजवळचं जुनं गोदाम रिकामं आहे, वाजवणी तिथे हलवा, म्हटलं. दोन दिवसांचं काम आहे. ते म्हणाले, ऑर्डर संपू दे, मग बघू. मी दवाखान्याचा कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला, व्यवस्थित घडी घालून परत दिला. "मॅडम, बहिणीचं वाईट वाटलं. पण एकीवरून सगळ्यांचं कसं ठरवायचं? आणि आता तर त्या टिकल्यात, तुमच्यामुळेच. आपण असं करू, डॉक्टरची तपासणी सहा महिने पुढे ढकलू." म्हणजे आणखी सहा महिने त्या भिंतीशी, आणि कागद माझ्या कपाटात.

मग मी उरलेल्या अकरा जणींना एकेकटीला गाठून विचारलं, कामगार निरीक्षकांकडे अर्ज करू, सही द्याल का? एकीचं लग्न ठरतंय. एकीचा नवरा म्हणाला, बहिरी आहेस हे सहीनिशी लिहून देणार का? एक म्हणाली, "तुम्हाला आत्ता जाग आली, आम्हाला सहा महिन्यांपूर्वी आली होती." कुणीही सही दिली नाही. मी त्यांना दोष देत नाही. धाकटीलाही विचारलं. ती म्हणाली, माझा दवाखान्याचा कागद तू कुणालाही दाखवायचा नाहीस. साहेबांना दाखवलास तेही मला न विचारता. तो मी तिला परत दिला.

मग माझ्याकडे काय उरलं? रजिस्टर. त्यात सव्वीस वेळा घरची अडचण.

गुरुवारी पहिल्या पाळीआधी मी कपाट उघडलं आणि प्रमाणपत्रं घेऊन वाजवणीत गेले. एकेकीच्या हातात दिली. चक्की चालू होती, त्यामुळे काही बोलता आलं नाही, बोलून उपयोगही नव्हता. एकीने दोन्ही बाजू तपासून घेतल्या, मी खाडाखोड केली नाही ना ते बघायला. आठ जणी तिथूनच घरी गेल्या. तिघी बसून राहिल्या, त्यांना दुसरीकडे काही मिळेपर्यंत बसायचंय. त्यांनी ओढण्या कानांवर घट्ट बांधल्या आणि काड्या उचलल्या.

अकरा वाजता साहेबांनी बोलावलं. "कुणाला विचारून दिलेत?"

"ज्यांचे होते त्यांना न विचारता घेतले होते, तसेच दिले."

त्यांनी पाटी आवरायला अर्धा तास दिला. वाजवणी पुढच्या महिन्यापासून ठेकेदाराकडे जाणार. ज्या बारा नोकऱ्या वाचवायला मी हे सगळं केलं त्या गेल्या, माझी तेरावी. दर महिन्याला नव्या बायका येतील. महिनाभरात कुणाला काही कळणारही नाही, आणि रकाना भरायचीही गरज पडणार नाही. हा विचार मनात आला तेव्हा मी फाटकाबाहेर पायरीवर बसले होते. बाबांना काय सांगायचं ते अजून ठरवलेलं नाही, पाटी पिशवीत आहे.

आत्या, निरीक्षकांना मी अर्ज लिहिला. चक्की कुठे आहे, भिंत कशाची आहे, बुचं का देता येत नाहीत, सगळं लिहिलं. पण ते माझं सांगणं झालं, आणि मी काढून टाकलेली बाई. ते विचारतील, पुरावा काय? कुणाचा कान गेला? कुणी लिहून दिलंय? तेवढ्या सगळ्या बायकांत खरं कारण लिहून देणारी एकच आहे.

तू फाडायला सांगितलंस. दोनदा हातात घेतलं. तुला विचारायचंही मनात होतं, पण तू नाही म्हटली असतीस, आणि मग मला तुझं ऐकावं लागलं असतं. धाकटी म्हणते तशी मी आहे, हे मला कळतंय. साहेब ते पत्र वाचतील, दोन वर्षांचे तड्याचे कप वाचतील. दादाकडेही चौकशी येईल. बाहेरच्या खोलीतली चौकट काढावी लागेल. तुझी जोडीदारीण अजून कुठे कामाला असेल, तिलाही विचारतील. तिचा भाग मला खोडता आला असता, पण खोडलेलं पत्र कुणी खरं मानत नाही.

तुझं पत्र मी अर्जाला जोडलं. काल दुपारी रजिस्टर पोस्टाने पाठवलं.

मोठी